पेनसिल्व्हेनियातली जुनी गुन्हेगारी नोंद आपोआप सील झाली का, हे कसं तपासायचं

पेनसिल्व्हेनियाने 2018 साली 'क्लीन स्लेट' कायदा केला. अमेरिकेत असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. जून 2019 पासून किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी अर्ज न करता, संगणकीय छाननीतून सील, म्हणजे सर्वसामान्यांच्या नजरेआड, होऊ लागल्या. पण नोंद सील झाल्याचं पत्र घरी येईल म्हणून वाट पाहू नका; तपासायचं काम तुमचंच आहे. आणि तुम्ही व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर तपासण्याच्याही आधी एक काम उरकायचं आहे. ते पुढे सांगितलं आहे.

आधी 'यूजेएस पोर्टल'वर, म्हणजे राज्याच्या कोर्टांच्या वेबसाइटवर, आपली केस शोधा. नाव आणि जन्मतारीख घालून शोध घेता येतो आणि डॉकेट शीट, म्हणजे केसच्या नोंदींचा कागद, फुकट मिळतं. मराठी नावांचा इथे हमखास घोळ होतो. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलेलं असतं, कधी तेच आडनावाच्या रकान्यात गेलेलं असतं, शिवाय स्पेलिंग वेगळं. त्यामुळे नावाची प्रत्येक उलटापालट करून बघा. डॉकेट नंबरातून बरंच कळतं. 'सीपी-51-सीआर' म्हणजे फिलाडेल्फियाचं कॉमन प्लीज कोर्ट (काउंटीचं मुख्य कोर्ट), 51 च्या जागी 02 म्हणजे पिट्सबर्गची अ‍ॅलेगेनी काउंटी. 'एमजे'ने सुरू होणारा नंबर मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजकडचा (स्थानिक खालच्या कोर्टाचा), आणि त्यात 'एनटी' असेल तर बहुधा समरी ऑफेन्स, म्हणजे सर्वात खालच्या दर्जाचा गुन्हा.

डॉकेटवर प्रत्येक आरोपासमोर 'ग्रेड' (गुन्ह्याचा दर्जा) आणि निकाल असतो. सगळं ठरतं ते या दोन रकान्यांवर. 2023 च्या सुधारणेनंतरच्या मुदती अशा: समरी ऑफेन्सला 5 वर्षं. मिसडिमिनर म्हणजे समरीच्या वरचा, मध्यम गुन्हा; त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दर्जाला ('एम2', 'एम3') 7 वर्षं, आणि त्या काळात एक वर्ष किंवा जास्त शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यात नव्याने दोषी ठरलेलं नसावं. अमली पदार्थांच्या काही फेलनींना, म्हणजे गंभीर गुन्ह्यांना, 10 वर्षं. तिथे मूळ शिक्षा किती होती याचीही अट आहे. आरोप मागे घेतला गेला किंवा निर्दोष सुटका झाली, तर इतकी वर्षं थांबावं लागत नाही. शारीरिक इजा, कुटुंबाविरुद्धचे गुन्हे, शस्त्रं आणि लैंगिक गुन्ह्यांची नोंदणी लागणारी प्रकरणं आपोआप सील होत नाहीत.

दुकानातून वस्तू उचलल्याची केस घ्या. नव्या विद्यार्थ्यांवर हीच वेळ जास्त येते. पहिला गुन्हा आणि वस्तू 150 डॉलरच्या आतली असेल, तर तो समरी. 150 ते 1,000 डॉलर किमतीची असेल, तर पहिल्याच वेळी 'एम1', म्हणजे पहिल्या दर्जाचा मिसडिमिनर. आणि 'एम1' आपोआप सील होत नाही. 7 वर्षांनी कोर्टात अर्ज करावा लागतो. वस्तूच्या किमतीतल्या पाच-दहा डॉलरनी सगळा रस्ता बदलतो.

मुदत भरूनही नोंद दिसत असेल, तर तीन गोष्टी बघा. पहिली, नुकसानभरपाई. दंड आणि कोर्टाचा खर्च थकला असला तरी 2020 पासून आपोआप सील होण्यात अडचण येत नाही, पण फिर्यादीला द्यायची भरपाई बाकी असली की नोंद अडकते. पैसे भरूनही कोर्टाच्या खात्यावर चढलेले नसतात, तेव्हा पावती घेऊन काउंटीच्या क्लार्ककडे जा. दुसरी, ग्रेडचा रकाना रिकामा असणं. जुन्या केसेसमध्ये हे फार आढळतं, आणि ग्रेड नसला की संगणक नोंद वगळतो. तिसरी, केस फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टातली किंवा दुसऱ्या राज्यातली असणं. या कायद्याचा तिच्याशी संबंध नाही.

पोर्टलवरून नोंद गेली, की राज्य पोलिसांच्या 'पॅच' या ऑनलाइन गुन्हे-नोंद तपासणी यंत्रणेतून 22 डॉलर भरून स्वतःचाच अहवाल काढा. घरमालक आणि कंपन्या साधारण तोच बघतात. खासगी बॅकग्राउंड चेक कंपन्यांकडे मात्र जुना डेटा पडून असतो. त्यांना लेखी हरकत पाठवा. फेडरल कायद्यानुसार त्यांना साधारणपणे 30 दिवसांत पडताळणी करावी लागते.

सील झाल्यावर नोकरीच्या किंवा घरभाड्याच्या अर्जात, तो गुन्हा घडलाच नव्हता असं उत्तर द्यायची मुभा राज्याचा कायदा देतो. फेडरल कायद्याने माहिती मागितली असेल, तिथे ती मुभा नाही. आणि पोलीस, सरकारी वकील, कोर्ट यांना नोंद दिसतच राहते.

आता व्हिसा आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने सील केलेली शिक्षा ही शिक्षाच असते. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात सील झालेल्या प्रकरणांचीही माहिती द्यावी लागते, व्हिसाच्या डीएस-160 मध्ये माफी मिळालेली प्रकरणंसुद्धा विचारतात. तिथे 'नाही' लिहिलं, तर मूळ गुन्ह्यापेक्षा खोट्या माहितीचंच प्रकरण जड जातं. म्हणून नोंद सील होण्यापूर्वी कोर्टाच्या क्लार्ककडून आरोपपत्र आणि अंतिम निकाल यांच्या शिक्क्यानिशी प्रमाणित प्रती घ्या. दोन संच काढा, एक वकिलाकडे आणि एक घरी ठेवा. नंतर केस पोर्टलवर सापडत नाही, डॉकेट नंबर आठवत नाही, आणि अधिकारी तर कागद मागतोच. ते आणून देण्याची जबाबदारी अर्जदाराची.

समरी चोरीसुद्धा इमिग्रेशनमध्ये नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरू शकते, आणि अमेरिकेत परतताना अडचण येऊ शकते. त्यामुळे भारतात सुट्टीवर जाण्याचं तिकीट काढण्याआधी डॉकेटची प्रत इमिग्रेशन वकिलाला दाखवा, फक्त फौजदारी वकिलाला नाही.