जीमॅट पुन्हा द्यायची? तारीख घेण्याआधी या चुका टाळा

गेल्या आठवड्यात ऐरोलीच्या ऑफिसात आमच्या टीममधली एक मुलगी लिफ्टपाशी थांबली होती. एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेचे गुण आले होते, चेहरा उतरलेला. "ताई, ६१५ आले. सोळा दिवसांनंतरची तारीख मिळतेय. बुक करूनच टाकते." मी म्हटलं, "आज नको. दोन दिवस जाऊ देत आणि तुझ्या सगळ्या मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, गुण घेऊन ये."

हे मी इतक्या ठामपणे सांगू शकले, कारण चार महिने मेहनत करून मीही हीच चूक केली होती.

चटका ताजा असताना तारीख घेणं

जीमॅटच्या दोन प्रयत्नांमध्ये किमान १६ दिवसांचं अंतर लागतं आणि सलग १२ महिन्यांत पाचच वेळा ही परीक्षा देता येते. त्या सोळा दिवसांना मी तयारीचा वेळ समजून बसले. पहिल्यांदा ५९५ आले होते, सतराव्या दिवशी पुन्हा बसले तर ६०५. दहा गुणांसाठी दुसऱ्यांदा पूर्ण फी भरली. बरं, ही वाढसुद्धा खरी म्हणता येत नाही. तयारी तीच असली तरी दोन दिवसांच्या गुणांत तीस-चाळीसचा फरक सहज पडतो, इतकी ढिलाई कुठल्याही परीक्षेच्या मोजमापात असतेच.

एकूण गुण बघणं, ते कुठे गेले हे न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ही सुधारली तर पुन्हा द्यायची की नाही हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

आताच्या जीमॅटमध्ये क्वांटचे (गणित) २१, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्क) २३ आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख, माहिती यांवरून निष्कर्ष) २० प्रश्न असतात. प्रत्येक विभागाला ४५ मिनिटं मिळतात. एकूण गुणांत तिन्ही विभागांचं वजन सारखंच. आपल्याकडची इंजिनीअर मुलं क्वांट घोटत बसतात आणि डेटा इनसाइट्सला उरलासुरला वेळ देतात. मी अगदी तेच केलं होतं. अधिकृत गुणपत्रकात कुठल्या प्रकारच्या प्रश्नांत घसरलो आणि वेळ कुठे गेला हे दिसतं. ते पान मी दुसऱ्या परीक्षेनंतर पहिल्यांदा नीट वाचलं.

मग एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चारांपैकी एक कारण लिहायचं: येतच नव्हतं, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ संपला, की शेवटच्या दोन पर्यायांत अडकले. संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला परतताना गाडीत बसायला मिळालं की ती वही उघडायची. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. डेटा सफिशियन्सीमध्ये, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का हे ठरवायच्या डेटा इनसाइट्समधल्या प्रश्नांत, क्ष पूर्णांक आहे असं मी मनानेच धरून चालत होते, प्रश्नात तसं कुठेच म्हटलेलं नसायचं. शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक यांचा विचारच नाही. निम्म्याहून जास्त चुका या एका सवयीच्या होत्या. असलं काही सापडलं असेल तर पुन्हा परीक्षा देण्यात अर्थ आहे, कारण नेमकं काय बदलायचं हे तुम्हाला माहीत असतं.

मॉकचे गुण आणि खरे गुण शेजारी न ठेवणं

अधिकृत सहा मॉकपैकी पहिल्या दोन मोफत मिळतात. पूर्ण वेळ लावून, मध्ये न थांबता दिलेल्या शेवटच्या तीन मॉकचे गुण कागदावर लिहा आणि शेजारी खरे गुण लिहा.

मॉकमध्ये सातत्याने ६५५ ते ६७५ येत असतील आणि परीक्षेत ६१५ आले असतील, तर अभ्यास झालेला आहे, तो दिवस बिघडला. झोप, घाई, किंवा शेवटचे प्रश्न राहून जाणं. जीमॅटमध्ये प्रश्न कोरा सोडणं चुकीच्या उत्तरापेक्षाही महागात पडतं. वेळ संपत आला की अंदाजाने का होईना, पर्याय निवडून पुढे सरका. अशा मुलांनी महिनाभरात जरूर पुन्हा द्यावी.

पण मॉकमध्येही ६०५-६१५ च येत होते, तर परीक्षेने खरं तेच सांगितलं. इथे दोन-तीन महिन्यांचा अभ्यास हवा, तारीख नको. आणि एकदा दिलेली मॉक पुन्हा देऊन आलेले गुण यात धरू नका. ओळखीचे प्रश्न आले की गुण फुगतात.

जुन्या फुटपट्टीने मोजणं

नौपाड्यातले आमचे एक काका अजूनही सांगतात, "सातशे पाहिजेतच." ते सांगतात त्यात त्यांची चूक नाही, त्यांच्या वेळी परीक्षा वेगळी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटचे गुण २०५ ते ८०५ असतात आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी ५ येतो. जुने ७०० म्हणजे आताचे साधारण ६४५. हे न कळल्यामुळे ६५५ मिळालेली मुलं रडवेली होऊन पुन्हा फी भरताना मी पाहिली आहेत. कॉलेजची सरासरी बघताना ती जुन्या परीक्षेची आहे की नव्या, हे आधी तपासा.

पुस्तकांचंही तेच. दादाची किंवा सीनियरची जुनी पुस्तकं घेऊन बसाल तर सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारणं) आणि भूमिती यांत महिने जातील. नव्या परीक्षेत हे दोन्ही नाही.

कमी गुण कॉलेजला दिसतील म्हणून घाबरणं

आता गुण बघून मगच कुठल्या कॉलेजला पाठवायचे ते ठरवता येतं. न पाठवलेला प्रयत्न त्यांना दिसत नाही. या भीतीपोटी पुन्हा द्यायचं टाळू नका.

कॅलेंडर शेवटी उघडणं

परदेशातल्या बऱ्याच बिझनेस स्कूलची अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरमध्ये आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. जानेवारीसाठी अर्ज करणार असाल तर नोव्हेंबरनंतर परीक्षा नको. निबंध लिहायला आणि शिफारसपत्रासाठी साहेबांच्या मागे लागायला मोकळे आठवडे लागतात. कामावरून आठला घरी येणाऱ्या माणसाला दोन्ही एकदम झेपत नाही.

कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा, हिशोब निराळा. ती वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या आसपास होते, म्हणजे पुन्हा देणं म्हणजे आख्खं वर्ष. त्यातून बऱ्याच आयआयएम दहावी-बारावीचे गुणही मोजतात आणि ते आता बदलणार नाहीत. नोकरी सोडण्याआधी हव्या त्या आयआयएमचे निवडीचे निकष वाचा, मग ठरवा.

आणि पासपोर्ट. जीमॅटला भारतातल्या परीक्षा केंद्रावर ओळखपत्र म्हणून तोच लागतो. पुढच्या तारखेआधी त्याची मुदत संपत नाही ना, हे आजच बघा.

ती मुलगी सोमवारी कागद घेऊन आली. शेवटच्या तीन मॉक ६०५, ६१५, ६०५. कँटीनमध्ये चहा घेत आम्ही तिची वही आखली, चार कारणांचे चार रकाने पाडले. सोळा दिवसांची तारीख तिने घेतली नाही. पुढची मॉक अडीच महिन्यांनी, दसऱ्याच्या आसपास द्यायची ठरली आहे, आणि परीक्षेची तारीख ते गुण बघून.