ऑफिसची आणि लांबच्या प्रवासाची एकच मोटरसायकल: तयारीची यादी

कोथरूड ते हिंजवडी अशी रोजची ये-जा आणि अधूनमधून कोकणात किंवा कर्नाटकाच्या बाजूला लांबची फेरी, या दोन्हींसाठी एकच ॲडव्हेंचर टुरिंग मोटरसायकल (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर लांब जाणारी उंच गाडी) ठेवायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे. उदाहरण म्हणून रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० समोर ठेवली आहे. २०२३ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीचे इंजिन ४५२ सीसीचे, ताकद सुमारे ४० बीएचपी, वजन १९६ किलो आणि पुढचे चाक २१ इंची आहे. चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर किंवा याच वर्गातली दुसरी एखादी गाडी असेल, तरी पुढचे बहुतेक मुद्दे तिलाही लागू पडतील. अशा गाडीचे बहुतांश किलोमीटर ऑफिसच्या रस्त्यावरच खर्ची पडतात, म्हणून तिची मांडणी त्या रस्त्यासाठी करावी आणि प्रवासाचे सामान गरजेपुरते चढवता-उतरवता येईल असे ठेवावे. वर्षभर लेहला निघाल्यासारख्या सजून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या रुबाबदार दिसतात खऱ्या, पण चांदणी चौकाच्या गर्दीत त्यांच्या लोखंडी पेट्या आधी दुसऱ्याच्या आरशाला आणि मग आपल्या खिशाला लागतात.

गाडी घेण्यापूर्वी पहिली तपासणी उंचीची करावी. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटरवर असते, ती ८४५ पर्यंत वर घेता येते आणि बुटक्या सीटचा पर्यायही मिळतो. शोरूमच्या सपाट फरशीवर पाय टेकले, एवढ्यावर समाधान मानू नये. जे बूट घालून रोज गाडी चालवणार तेच घालून जावे आणि किंचित उतार असलेल्या जागी गाडीवर बसून ती पायांनी मागे ढकलून पाहावी, कारण ऑफिसच्या बेसमेंटमध्ये दोन गाड्यांच्या फटीतून उलटे निघताना तेच करावे लागणार आहे. दोन्ही टाचा टेकण्याची गरज नाही. एक पाऊल पूर्ण टेकले आणि दुसऱ्या पायाचा चवडा पोचला तरी पुरते. पार्किंगमध्ये गाडीचे तोंड उताराकडे करून कधीही लावू नये, कारण जवळजवळ दोनशे किलोचे धूड चढावर मागे खेचणे एकट्याच्या आवाक्यातले नसते.

पडलेली गाडी उचलण्याचा सरावही याच टप्प्यावर, जुनी गादी किंवा सतरंजी अंथरून आणि एखाद्या मित्राला हाताशी घेऊन, करून ठेवावा. आधी इंजिन बंद करावे. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड खाली काढावा, म्हणजे उभी होऊन ती पलीकडे कलली तरी स्टँडवर टेकेल. शक्य असल्यास पहिला गिअर टाकावा, म्हणजे मागचे चाक सरकत नाही. मग सीटकडे पाठ करून, कंबर सीटला टेकवून, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा रॅक धरावा आणि पायांच्या जोरावर लहान पावले मागे टाकत गाडी उभी करावी. पाठीने उचलायला गेल्यास गाडी उठो न उठो, पाठ मात्र आठवडाभर धरते.

कागदपत्रांचे काम थोडक्यात आटोपते, पण त्यात एक खाच आहे. नव्या दुचाकीबरोबर थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा मिळतो; गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा १ वर्षाचाच असतो आणि पाच वर्षांचा आकडा डोक्यात बसल्यामुळे त्याचे नूतनीकरण राहून जाते. त्याची तारीख वेगळी नोंदवावी आणि क्रॅश गार्ड, पेट्या, जास्तीचे दिवे यांचा समावेश विम्यात आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. पीयूसी पहिल्या वर्षानंतर दरवर्षी लागते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का आणि आर.सी.वरचा कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे पाहावे. डिजिलॉकरमधली कागदपत्रे ग्राह्य धरली जातात, पण घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून छायाप्रतींचा एक संच प्लास्टिकच्या पिशवीत गाडीवर असावा.

रोजच्या वापरासाठी हँडगार्ड, इंजिनाखालची पत्र्याची ढाल, मोबाइलचा भक्कम होल्डर, चार्जिंगची सोय आणि मागे झटकन निघणारी एक टॉप बॉक्स एवढे पुरेसे आहे. लॅपटॉप टॉप बॉक्समध्ये नुसता टाकू नये. खड्ड्यांत तो आपटत राहतो. फोमचा थर देऊन तो उभा ठेवावा, नाहीतर पाठीवरच्या सॅकमध्ये घ्यावा. लिक्विड कूलिंगची गाडी सिग्नलला थांबली की पंखा सुरू होतो आणि गरम हवा नडग्यांवर येते. त्यात बिघाड नाही, मात्र कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी गाडी थंड असताना पंधरवड्यातून एकदा पाहावी. कपड्यांत आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, मागे बसणाऱ्यासाठीही तसेच दुसरे, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे आणि खांदा-कोपराला पॅड असलेले जाळीचे जॅकेट हवे. पावसासाठी जॅकेटच्या आत लावायच्या अस्तरापेक्षा वरून घालायचा सैल रेनकोट चांगला, कारण आतले अस्तर अंग कोरडे ठेवते पण जॅकेट स्वतः पाणी पिऊन जड होते आणि ऑफिसात दिवसभर खुर्चीवर निथळत बसते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी या कपड्यांवर आणि टायरवर घालावेत. दिवे, पेट्या आणि स्टिकरांची पाळी नंतर.

टायरच्या बाबतीत सर्वांत आधी, आपली चाके ट्यूबची आहेत की ट्यूबलेस, हे नक्की माहीत असावे. हिमालयन ४५० सुरुवातीला ट्यूबच्या टायरसह आली आणि ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय नंतर मिळू लागला, त्यामुळे रस्त्यावर एकाच रंगाच्या दोन गाड्यांत हा फरक असू शकतो. ट्यूबलेस असेल तर पट्ट्यांचा पंक्चर संच आणि बॅटरीवर चालणारा लहान पंप एवढ्यावर भागते. ट्यूब असेल तर काम वाढते. २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असे नाही, म्हणून ती सोबत ठेवावी. जागा कमी असल्यास तीच ट्यूब मागच्या १७ इंची चाकात दुमडून तात्पुरती चालवता येते आणि सावकाश जवळचे शहर गाठता येते. पुढची ट्यूब मागे चालून जाते, मागची मात्र पुढे बसत नाही.

एखाद्या रविवारी घरीच मागचे चाक एकदा काढून-बसवून पाहावे. ॲक्सलच्या नटाला आपल्याजवळचा पाना लागतो का, हे कळायला दुसरा मार्ग नाही. चाक काढण्यापूर्वी चेन ॲडजस्टरच्या खुणांचा आणि दोन्ही बाजूंच्या स्पेसरचा (चाकाशेजारच्या अंतर राखणाऱ्या कड्यांचा) फोटो काढून ठेवावा. चाक बाहेर असताना ब्रेकचे पेडल चुकूनही दाबू नये. पॅड जवळ येतात आणि मग डिस्क आत शिरत नाही. टायरच्या आत काटा किंवा तार शोधताना बोटांऐवजी फडके फिरवावे, ते अडकते तिथेच काटा असतो. नवी ट्यूब टाकल्यावर व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळून बसवू नये, तो वर टोपीपाशी ठेवावा, कारण ट्यूब आत जराशी सरकली की आवळलेला व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो आणि मग त्याला पॅच लागत नाही. हवा किती भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. पंपावरचा मुलगा ‘दोन्हीकडे चाळीस?’ विचारतो तेव्हा हो म्हणू नये.

चेनची काळजी शहरातच सवयीची व्हावी. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि मुसळधार पावसात गाडी चालवल्यानंतर लगेच, ती पुसून लुब्रिकंट मारावे. इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवत हे काम करू नये, त्यात बोटे जातात. चेनचा ताण सगळीकडे सारखा नसतो, म्हणून चाक हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी मोजावा आणि सर्वांत घट्ट जागा प्रमाण मानावी.

प्रवासाच्या आदल्या दिवशी सामान बांधताना जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे घ्याव्यात. हत्यारे आणि ट्यूब बाजूच्या मऊ पिशव्यांच्या तळाशी, कपडे वर आणि टॉप बॉक्समध्ये फक्त हलके सामान. हुक असलेल्या लवचिक दोऱ्या टाळून बकलचे पट्टे वापरावेत आणि पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळून खोचावीत, कारण लोंबणारे टोक चेनमध्ये जाऊ शकते. सोबत क्लचची केबल, फ्यूज, चेनची जोडकडी, चिकटपट्टी, केबल टाय आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. पेट्रोलची चिंता या गाडीत फारशी नाही. टाकी १७ लिटरची आहे आणि लिटरला २८ किलोमीटर धरले तरी साडेचारशेचा पल्ला निघतो. तरीही ताम्हिणी घाटाकडे जाताना पौडच्या आसपास टाकी भरून घेणे शहाणपणाचे.

मार्ग आखताना नकाशात दुचाकीचा पर्याय निवडावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर दुचाकींना बंदी आहे आणि चारचाकीसाठी काढलेला मार्ग नेमका तिकडेच नेऊन सोडतो. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाटाची स्थिती विचारावी; वरंधा घाट त्या काळात अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो आणि ताम्हिणीत शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी थांबलेल्या गाड्यांची रांग धुक्यातून अचानक समोर येते. वळणावर वाहून आलेली लाल माती, सांडलेले डिझेल आणि रंगाचे पांढरे पट्टे या तिन्हींवर गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता जावे. मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करण्याची सोय कच्च्या उतारासाठी आहे. डांबरी रस्त्यावर ते चालू आहे याची डिस्प्लेवर खात्री करावी.

सागरी मार्गाने जायचे असेल तर बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या फेरीबोटींच्या वेळा आधीच विचारून ठेवाव्यात आणि सुटे पैसे जवळ असावेत. बोटीच्या उताराची लोखंडी पाटी ओली असते. तिच्यावर दोन्ही पाय खाली सोडून, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता उतरावे. बोट चालू असताना गाडी गिअरमध्ये आणि साइड स्टँडवर ठेवावी आणि तिला धरून उभे राहावे; फोटो उतरल्यावर काढता येतात. पुळणीवर गाडी घालण्याचा मोह आवरावा, कारण ओली वाळू टणक वाटते तिथेच मागचे चाक ॲक्सलपर्यंत रुतते.

परत आल्यावर खारी हवा लागलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. प्रेशरचा फवारा व्हील बेअरिंग, चेन आणि रेडिएटरच्या नाजूक पत्र्यांवर धरू नये. तिथला चिखल बादलीच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने निघतो. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून ब्रेक कोरडे करावेत, चेन पुसून तेल द्यावे आणि पान्याने प्रत्येक स्पोक हलकेच वाजवून पाहावा. ढिल्या स्पोकचा आवाज बोदा येतो. असा एखादा सापडल्यास त्या जागी रंगीत दोरा बांधावा आणि सर्व्हिसला देताना तो जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावावे.