टॅब्लेट फॅक्टरी रीसेट करण्याआधी काय तपासावे

कोथरूडला आमच्या घरी आईचा अँड्रॉइड टॅब्लेट सुरू होताना बोधचिन्हावरच थांबू लागला, तेव्हा मी पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण पडदा काळा होईपर्यंत एकत्र दाबून धरले. अशा सक्तीच्या रीस्टार्टने साठवलेली माहिती पुसली जात नाही, त्यामुळे सुरुवात येथूनच करावी.

टॅब्लेट चालू झाला खरा, पण अधूनमधून अडकतच राहिला, म्हणून फॅक्टरी रीसेट, म्हणजे त्यातली सगळी माहिती पुसून तो नव्यासारखा करणे, भाग पडले. संधी साधून मी छायाचित्रे संगणकावर उतरवली, मेमरी कार्ड काढले आणि, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आईच्या गूगल खात्याचा पासवर्ड प्रत्यक्ष वापरून पाहिला. अँड्रॉइड ५.१ पासून आलेल्या चोरीप्रतिबंधक संरक्षणामुळे, रिकव्हरी मेनूतून (उपकरण नीट सुरू होत नसताना बटणे दाबून उघडायच्या दुरुस्ती मेनूतून) रीसेट केलेले उपकरण पुन्हा सुरू करताना आधीच्याच खात्याची ओळख मागते, आणि ती देता आली नाही तर पुसलेला टॅब्लेट निरुपयोगी ठरतो. म्हणून पडदा चालत असेल, तर रीसेट सेटिंग्जमधूनच करावा.

बॅटरी पूर्ण भरून घेतली. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून तो वार टाळला. रीसेटनंतर आधी सिस्टिम अपडेट केली आणि ॲप एकेक करूनच परत घेतले, जेणेकरून दोष एखाद्या ॲपचा असल्यास तो लगेच ओळखता यावा.