पोथीचं वय सांगण्याआधी : ग्रंथदालनात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

संतवाङ्मयाच्या संग्रहालयात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी काचेवर बोट टेकवून विचारणार, "ही पोथी किती जुनी?" ओलावा, वाळवी, नोंदवही, तिकीट, शाळांच्या सहली हे सगळं तुम्ही शिकून आलेले असता किंवा चार दिवसांत शिकाल. या एका प्रश्नाला मात्र घाईने उत्तर देऊ नका. मराठवाड्यातल्या छोट्या ग्रंथदालनांत होणाऱ्या बहुतेक चुका या उत्तरापासून सुरू होतात. मला मिळालेल्या जुन्या नोंदवहीतही तीच चूक होती आणि बरेच दिवस मी तेच वाचून सांगत राहिले.

ज्ञानेश्वरीची पूर्ण पोथी उघडा. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ही ओवी भेटते : "शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥" १२१२ मध्ये ७८ मिळवले की १२९० साल येतं. नवा माणूस आनंदाने पाटीवर '१२९०' लिहून मोकळा होतो. पण हा शक ग्रंथाचा आहे. नेवाशात टीका झाली तो. समोरची पोथी कधी लिहिली गेली हे त्यातून कळत नाही, कारण पुढच्या प्रत्येक लेखकाने, म्हणजे पोथी उतरवून घेणाऱ्या नकलकाराने, ती ओवीही उतरवलेलीच असते. माउलींच्या काळातली मूळ प्रत आज कुठेही नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. तरी काचेखाली १२९० लिहिताना कुणाचा हात थांबत नाही.

म्हणून त्या ओवीपाशी थांबू नका, पान उलटा. पुढे एकनाथ महाराजांच्या ओव्या आहेत का पाहा : "श्रीशके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं…" नाथांनी ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली तो हा शक १५०६, म्हणजे १५८४. या ओव्या असतील तर पोथी १५८४ च्या नंतरची, एवढं ठाम सांगता येतं. नसतील तर ती आधीचीच, असं मात्र म्हणू नका. लिहिणाऱ्याने त्या गाळल्या असतील किंवा शेवटचं पान हरवलं असेल.

आणखी पुढे, बहुतेक वेळा बारीक किंवा घाईच्या अक्षरात, खुद्द लेखकाची पुष्पिका, म्हणजे पोथी कुणी, कधी लिहिली ती शेवटची नोंद, असते. समजा तिथे 'शके १७४२ विक्रमनाम संवत्सरे' असं आहे. संवत्सर म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, पहिलं प्रभव. इथे एक जुनी ताळा करायची रीत वापरा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७४२ अधिक १२ म्हणजे १७५४, बाकी १४, आणि प्रभवापासून चौदावा संवत्सर विक्रम. ताळा जमला, साल १८२०. नाथांच्या १५०६ वरही करून पाहा, बाकी १८ येते आणि अठरावा तारण. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. जमलं नाही तर आकडा वाचण्यात गफलत आहे, किंवा लिहिणाऱ्याने आधीच्या पोथीतलाच शक उचलला आहे, किंवा गणना दुसऱ्या मुलखाची आहे.

दुसऱ्या मुलखाचं सांगते, कारण पैठणच्या आसपास हे हमखास पुढे येतं. नाथांचं भागवत पूर्ण झालं काशीत. शेवटी त्यांनी तिथलं वर्षही सांगितलंय आणि आपल्या गोदाकाठचंही. काशीच्या गणनेत वृष संवत्सर, "शके सोळाशें तीसोत्तर". घरच्या गणनेत शालिवाहन शक १४९५, श्रीमुख संवत्सर. पहिला आकडा विक्रम संवताचा आहे (वरच्या विक्रम संवत्सराचा नव्हे), त्यातून ५७ वजा करायचे. दोन्ही हिशेब १५७३ वर येऊन मिळतात. पण 'शके' दिसलं म्हणून १६३० मध्ये ७८ मिळवलेत तर १७०८ येईल, आणि नाथांनी तर १५९९ मध्ये देह ठेवला. त्यांनी स्वतः दोन्ही गणना देऊन ठेवल्यात, तेव्हा हा घोळ होऊ देऊ नका. वरची साठाची रीतही दक्षिणेकडच्या गणनेलाच लागू आहे. काशीच्या वृषाला ती लागणार नाही.

पोथीसोबत देणगीदारांकडून निजामी काळचे कागद येतात, त्यावर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो. त्यात ५९० मिळवा. फसली १३५० म्हणजे साधारण १९४०. हिजरीसाठी कोष्टकच हवं, तोंडी हिशेब नको.

हे सगळं झाल्यावरही कागद पाहिल्याशिवाय बोलू नका. पान उजेडासमोर धरा. गिरणीच्या कागदाचं पाणचिन्ह दिसलं तर शक काहीही म्हणो, पोथी जुनी नाही. हातकागद ओळखायला शिकायचं असेल तर दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याला एक चक्कर मारा. लगदा, जाळी, घोटाई हे डोळ्यांनी पाहिलं की बोटांना फरक कळायला लागतो.

एवढं सांगून झाल्यावर खरी अडचण सुरू होते, ती माणसांची. साल कळलं, आता ते सांगायचं कसं?

आमच्याकडे येणारा माणूस पर्यटक नसतो. नाथषष्ठीला दिंडीतून थेट येतो. चपला दाराबाहेर काढतो, टोपी नीट करतो, काचेवर कपाळ टेकतो. मग विचारतो, "बाई, ही माउलींच्या हातची हाय का वो?" त्याला "नाही, १८२० ची नक्कल आहे" असं तोंडावर मारू नका. आणि त्याला बरं वाटावं म्हणून "हो" तर मुळीच म्हणू नका. ही पोथी दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने बसून उतरवली, असं सांगा. मग लेखकाचा श्लोक वाचून दाखवा. अनेक पोथ्यांच्या शेवटी तो असतो : "भग्नपृष्ठिकटिग्रीवा स्तब्धदृष्टिरधोमुखम् । कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत् ॥" पाठ, कंबर, मान मोडली, नजर खिळली, तोंड खाली, कष्टाने लिहिलंय, जपा. शेतात दिवसभर वाकून खुरपलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एका माळकरी बाबांनी हे ऐकलं, काचेजवळ वाकले आणि म्हणाले, "म्हंजी ह्यानं बी वारीच केली की." त्यानंतर त्यांनी साल विचारलं नाही. मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पोथीकडे गेले.

खरं साल सांगितलं की श्रद्धा दुखावते, ही भीती बहुतेक विश्वस्तांच्या मनात असते, भाविकांच्या नव्हे, असं माझं ठाम मत आहे. ज्या परंपरेत नाथांनी "ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध" असं उघड लिहिलं, तिथे पाठभेदावर बोलायला संकोच कसला? वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरी तर बीडच्या पाटांगणातल्या पोथीवरून आली. पोथ्यांचे पाठ लावून बघण्याचा धंदा आपल्याच मातीत झालाय. कीर्तनकार मंडळी या विषयावर तासभर उभी राहतात. त्यांना दालनात बोलवा.

देणगीदार घराण्याचं मात्र जपून. "आमच्या पणज्याकडं माउलींची पोथी होती" हे त्यांचं वैभव असतं. पाटी बदलण्याआधी त्यांना घरी जाऊन भेटा, पुष्पिका दाखवा, लिहिणाऱ्याचं आणि लिहवून घेणाऱ्याचं नाव वाचून दाखवा. कित्येकदा त्यात त्यांच्याच घरचं नाव निघतं आणि प्रश्न तिथेच मिटतो. न सांगता पाटी बदललीत तर पोथी परत मागतील.

लोकांना ग्रंथ वाचू द्या. काचेआडच्या पोथीत अक्षरं सलग असतात, शब्द तोडलेले नसतात, सवयीशिवाय वाचता येत नाही. म्हणून शेजारी चौरंगावर मोठ्या टायपाची छापील प्रत, तेच पान उघडून ठेवा. नमस्कार, फूल, नाणं सगळं तिथे होतं आणि काच वाचते. बायका मोठ्याने वाचायला लागल्या की दालन आपोआप भरतं. स्पर्शाचा पडदा, आवाजाची बटणं असलं काही बसवून देतो म्हणणारे विक्रेते येतील. आधी चौरंग ठेवून बघा.

सगळ्या ग्रंथांना एकच नियम लावू नका. नामदेव महाराज आपल्या नरसीचे, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे फलकावर जरूर लिहा. नांदेडहून येणारी मंडळी तिथे थांबतात. पण गुरू ग्रंथ साहिबाचं स्वरूप वस्तू म्हणून कपाटात ठेवायचं नसतं. ते गुरू आहेत. काही शंका असेल तर गुरुद्वाऱ्यात जाऊन विचारा, तिथे प्रेमाने सांगतात. कुराणाची हस्तलिखितं खालच्या कप्प्यात नकोत आणि त्यांच्यावर दुसरं काही रचलेलं नको. दासोपंतांच्या पासोडीसारखी गोष्ट तर कपाटात मावणारीच नाही. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहिलंय. तिच्यासाठी आंबाजोगाईला पाठवा माणसांना. आपल्याकडे फोटो लावून समाधान मानू नका.

आता थोडं रोखठोक. पिवळ्या पट्ट्यांनी खोडलेलं दिसेल ती हरताळ, त्यात आर्सेनिक हे विष असतं. पानं हाताळून झाली की हात धुवा, बोट जिभेला लावून पान उलटायची सवय असेल तर आजच सोडा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांना दाराच्या आत येऊ देऊ नका, सांगणारा कितीही मोठा साहेब असो. मोडीचा वर्ग लावला म्हणजे पोथी वाचता येईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हिशेब, पत्रं, सनदा मोडीत असतात. धार्मिक पोथ्या बहुतेक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. आधी सलग बाळबोध वाचायला शिका, मोडी मागाहून. महानुभाव पोथी आली तर सकळ लिपी असू शकते, ती सांकेतिक आहे. अंदाजाने वाचू नका, त्या पंथातल्या जाणत्याला गाठा.

गुरू कुणाला करावं? मठात तीस-चाळीस वर्षं पारायण करणारा एखादा म्हातारा शोधा. पदवीवाले मार्गदर्शक चांगले असतात, बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात आणि नोकरीच्या जाहिरातीत ती पदवी लागते, घेता आली तर घ्या. पण तुटलेल्या पानावरची अर्धी ओवी पूर्ण करून देणारा माणूस मठातच भेटतो.

पैशाचं : विश्वस्त संस्थांत पगार कमी आणि कधीकधी उशिरा, काम कंत्राटी. घरी हे स्पष्ट सांगून या. लग्नाच्या बोलणीत "पोथ्या सांभाळते" म्हटल्यावर पुढचा माणूस गप्प होतो, तेही सोसावं लागतं. घाबरू मात्र नका. पहिलं वर्ष अक्षर लागत नाही म्हणून रडू येतं, आणि मग एके दिवशी पान उघडताच ओळ आपोआप तोंडात येते. ते सगळ्यांना येतं, मला आलं.

नोंदवहीत आजपासून चार रकाने वेगळे करा : ग्रंथरचनेचा शक, शुद्धीकरणाचा शक, लेखनाचा शक, आणि कागदावरून काढलेला अंदाज. चौथा पेन्सिलीने लिहा. नाथषष्ठीच्या गर्दीआधी निदान ज्ञानेश्वरीच्या आणि भागवताच्या पोथ्यांचे रकाने भरून घ्या, कारण त्या दिवशी प्रश्न त्यांच्याबद्दलच येतात आणि तेव्हा पान उलटायला वेळ नसतो.