फोटो जपताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो, त्यामुळं लोकांचे फोटो कसे जातात हे जवळून बघतो. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं सहसा सी ड्राइव्हवर असतं आणि फॉरमॅट मारला की तेच पुसलं जातं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आयकॉनची कॉपी. शाहूपुरीतल्या एका काकूंनी लेकीच्या लग्नाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. "सगळं घेतलंय रे, मार फॉरमॅट." मी पेनड्राइव्ह लावून बघितला. फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण, साईज 2 केबी. तो नुसता शॉर्टकट होता, खरे फोटो सी ड्राइव्हवरच. काकू मटकन खाली बसल्या. तेव्हापासून मी दोन्हीकडं प्रॉपर्टीजमध्ये फायलींचा आकडा आणि साईज जुळवतो, चार-पाच फोटो उघडतो, मगच पुढं जातो. ज्यांना एवढाही धीर नाही, त्यांच्या मशीनला मी हात लावत नाही.

दुसरी चूक माझ्याच घरातली. बॅकअपची हार्डडिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खालच्या खणात ठेवायचो. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. पाणी ओसरल्यावर खण उघडला, तर आत गाळ. घाईनं डिस्क पुसली आणि लावली. तेच चुकलं. ओल्या डिस्कला वीज द्यायचीच नसते, तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्यायची असते. वडिलांचे स्कॅन केलेले फोटो गेले ते गेलेच. आता एक डिस्क उजळाईवाडीला बहिणीकडं असते. राखीला आणि भाऊबीजेला जाताना ताजी नेतो, जुनी आणतो.

'न्यू फोल्डर 3' असली नावं नकोत. '2023-05-14 बारसं' असं वर्ष आधी लिहा, फोल्डर आपोआप क्रमानं लागतात.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मूळ समजू नका. तो दाबून लहान झालेला असतो आणि काढल्याची तारीखही त्यातून निघून जाते. मूळ हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

कट-पेस्ट नको. कॉपी करा, तपासा, मग जुनं काढा. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं सहसा रिसायकल बिनमध्ये येत नाही.

आणि डुप्लिकेट काढणारं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी चालवू नका. दहा वर्षांचा पसारा एका रविवारी आवरत नाही. मी एका रविवारी एकच वर्ष घेतो.