हप्ता गल्ल्यातून निघावा: मंडईतल्या विक्रेत्यांसाठी लघुकर्जाची वाट

पहाटे शाहू मार्केट यार्डात सौद्याला जायचे, माल उचलून रिक्षाने कपिलतीर्थ, लक्ष्मीपुरी किंवा गंगावेशीला आणायचा आणि दिवेलागणीपर्यंत विकायचा, हा कोल्हापुरातील अनेक कुटुंबांचा रोजचा शिरस्ता आहे. सकाळच्या मालाचे पैसे ज्याच्या हाताशी नसतात, तो रोजवसुलीवाल्याकडे वळतो. 10,000 रुपयांचे कर्ज म्हणून 9,000 रुपये हातात पडतात आणि पुढचे 100 दिवस रोज 100 रुपये जातात. हजार रुपये जास्त गेले, म्हणजे दहा टक्के व्याज पडले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मुद्दल पहिल्या दिवसापासूनच परत जात असते, त्यामुळे सरासरी निम्मीच रक्कम आपल्याकडे राहते आणि तीही सव्वातीन महिनेच. वर्षाचा हिशेब मांडला तर हा दर 75 टक्क्यांच्या वर जातो. म्हणून लघुकर्जाचा पहिला उपयोग ही रोजवसुली बंद करण्यासाठी करावा. त्याआधी गाळा वाढवणे किंवा नवी गाडी घेणे मनात आणू नये.

अर्ज करण्यापूर्वी किमान पंधरा दिवस वही लिहावी. समजा, रोजची विक्री 4,000 रुपये आहे. त्यातून मालाचे 3,150, रिक्षाचे 150, नासाडीचे 200 आणि पिशव्या, पावती, चहा यांचे 80 रुपये वजा केले, तर 420 रुपये उरतात. घरखर्चाला 310 लागत असतील, तर शिल्लक 110 रुपये राहते. महिन्याचे 26 दिवस धंदा धरला तर 2,860 रुपये होतात. माझ्या मते हप्ता या शिल्लकीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे येथे 1,430 रुपयांपेक्षा, मोठा असू नये. नासाडीचा आकडा अनेक जण लिहीतच नाहीत. पावसाळ्यात कोथिंबीर आणि मेथी दुपारपर्यंत काळवंडते, संध्याकाळी पेंडी निम्म्या भावाने द्यावी लागते, आणि हा तोटा वहीत न आल्यामुळे कागदावर परवडणारा हप्ता गल्ल्याला परवडत नाही.

पथविक्रेत्यांनी प्रथम केंद्र सरकारच्या पीएम स्वनिधी योजनेचा विचार करावा. ही योजना जून 2020 मध्ये सुरू झाली आणि 2025 मध्ये तिची मुदत मार्च 2030 पर्यंत वाढवण्यात आली. आता पहिले कर्ज 15,000, ते फेडल्यावर दुसरे 25,000 आणि तिसरे 50,000 रुपयांपर्यंत मिळते. तारण लागत नाही आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड नाही. पहिले कर्ज बारा महिन्यांत फेडायचे असते. बँकेचा दर वार्षिक 12 टक्के धरला, तर 15,000 रुपयांना महिन्याचा हप्ता सुमारे 1,333 रुपये पडतो आणि वर्षभराचे व्याज साधारण हजार रुपये होते. हे हजार रुपये आणि रोजवसुलीवाल्याचे हजार रुपये शेजारी ठेवून पाहावेत: येथे 15,000 रुपयांवर वर्षभराचे, तेथे 9,000 रुपयांवर शंभर दिवसांचे. शिवाय वेळेवर हप्ते भरणाऱ्याला 7 टक्के व्याज अनुदान खात्यात परत देण्याची तरतूद या योजनेत आहे.

यासाठी महानगरपालिकेचे पथविक्रेता ओळखपत्र किंवा विक्री प्रमाणपत्र लागते. पथविक्रेता कायदा 2014 नुसार झालेल्या सर्वेक्षणात ज्यांचे नाव सुटले असेल, त्यांनी महानगरपालिकेकडून शिफारसपत्र मागावे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे आधी तपासावे, कारण अर्जाची बरीच रखडपट्टी तेथेच होते. मुलाच्या जुन्या सिमवर नोंदवलेला क्रमांक बंद पडलेला असतो, आणि आईला ओटीपी येत नाही. दुकानात क्यूआर कोड लावलेला असेल तर तो स्वतःच्याच खात्याचा असावा. योजनेत डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक मिळतो, आणि रोजची उलाढाल खात्यात दिसल्यामुळे पुढच्या कर्जाच्या वेळी बँकेला ती तोंडी पटवून द्यावी लागत नाही.

गाळा असलेल्या दुकानदारांना किंवा चप्पल, भांडी, कपडे विकणाऱ्यांना 50,000 रुपयांपर्यंतचे मुद्रा योजनेतील शिशु कर्ज उपयोगी पडते. महिलांसाठी बचत गट हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने 1992 मध्ये गट बँकेशी जोडण्यास सुरुवात केली. गटातील अंतर्गत कर्जाचे व्याज गटाकडेच राहते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र गटाच्या नावाने बाहेरून कर्ज उचलताना शेजारणीचा हप्ता थकला तर तो आपल्या अंगावर येऊ शकतो, हे समजूनच सही करावी.

मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस दारात आला, तर दोन प्रश्न विचारावेत. पहिला, व्याज सरळ, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर आहे, की घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावर? 20,000 रुपयांवर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज 2,400 रुपये होते. तेच घटत्या शिल्लकीवर सुमारे 1,324 रुपये होते. दुसरा, सर्व खर्च धरून एकूण किती परत करायचे? रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार, वार्षिक 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जाचा असा तपशील एका पत्रकावर लेखी द्यावा लागतो. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, धमकी किंवा शिवीगाळ करून वसुली करता येत नाही आणि सकाळी 9 पूर्वी किंवा संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाहीत. कंपनीने तक्रारीची दखल घेतली नाही किंवा 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. विनापरवाना सावकारी हा राज्याच्या 2014 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करावी.

कर्ज मिळाल्यानंतरची शिस्त मी माझ्या आईकडून शिकलो. ती कपिलतीर्थ मंडईत पालेभाजी विकत असे. तिच्या फळीखाली बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. संध्याकाळी तराजू पुसून झाला, की घरी न्यायचे पैसे मोजण्याआधी ती हप्त्याचे पैसे त्यात टाकी, आणि पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा माणूस, आला की त्याच्या हाती देई. 1,333 रुपयांच्या हप्त्यासाठी 26 दिवस रोज 52 रुपये बाजूला काढले की पुरतात. महिनाअखेरीस एकदम 1,333 रुपये काढणे जड जाते. रोजचे 52 रुपये दोन-तीन पेंड्यांचे असतात. एका वर्षी मात्र मालासाठी घेतलेले पैसे बहिणीच्या लग्नात खर्च झाले. पाटी अर्धी रिकामी, विक्री अर्धी आणि हप्ता मात्र पूर्ण, असे आठ महिने आम्ही काढले. फी, औषधे, लग्न ही खरी गरज असते, त्यात दोष नाही. पण त्यासाठी गटातील अंतर्गत कर्ज किंवा भिशी वेगळी ठेवावी आणि धंद्याच्या कर्जाला हात लावू नये.

कोल्हापुरात कर्जाची वेळही महत्त्वाची आहे. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेक विक्रेत्यांचा धंदा बुडाला, पण हप्त्यांची तारीख थांबली नाही. म्हणून जून उजाडण्यापूर्वी दोन हप्त्यांएवढी रक्कम पिग्मीत शिल्लक असावी. अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडवर ओटीचे साहित्य, बांगड्या, खेळणी विकणाऱ्यांनी नवरात्राच्या मालासाठी श्रावणातच अर्ज करावा, म्हणजे घटस्थापनेपूर्वी माल भरता येतो. एखादा हप्ता चुकणारच असे दिसले, तर तारखेच्या आधी बँकेत जाऊन सांगावे. तो भरण्यासाठी दुसरीकडून उचल घेऊ नये.

शेवटचा हप्ता भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, मागून घ्यावा, त्यावर कर्ज खाते क्रमांक बरोबर आहे का ते पाहावे आणि तो पथविक्रेता ओळखपत्राबरोबर एकाच पिशवीत ठेवावा. दुसऱ्या कर्जाच्या अर्जाला जाताना हीच पिशवी बरोबर न्यावी.