शिक्षण परिषदेत तासिका घ्यायची आहे? आधी मुलांच्या वह्या गोळा करा

गुरुवारी दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन येतो, "मॅडम, परवाच्या शिक्षण परिषदेत गणिताची तासिका तुम्हीच घ्या बरं का", आपण हो म्हणतो, फोन ठेवतो आणि मग पोटात गोळा येतो. शिक्षण परिषद म्हणजे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांची महिन्याची बैठक. समोर बसणार कोण तर आपल्याच केंद्रातले ३०-४० शिक्षक, त्यातले निम्मे आपल्यापेक्षा सीनियर, काहींनी तर आपल्याला नोकरीला लागताना पाहिलेलं. अशा वेळी बहुतेक जण काय करतात तर रात्री बसून कुठली तरी पीपीटी शोधतात आणि ती वाचून दाखवतात. मीपण पहिली तीन-चार वर्षं तेच केलं. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २० वर्षांच्या वर शिकवतेय आणि सुलभक म्हणून, म्हणजे परिषदेत तास घेणारी म्हणून, बऱ्याचदा उभी राहिलेय, त्यातून जे जमलं ते इथे लिहितेय, नवीन सुलभकांना उपयोगी पडावं म्हणून.

माझं म्हणणं एकच आहे. परिषदेतला तास मुलांच्या वह्यांवरून सुरू करायचा. ज्या मुलाचं गणित चुकलंय ती वही समोर असली की ४० शिक्षक आपोआप वाकून बघतात, मग त्यांना "ॲक्टिव्ह राहा" असं सांगावं लागत नाही.

यामागचं कारणही सांगते. आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली येतं, राज्याचा तज्ज्ञ जिल्ह्याला शिकवतो, जिल्ह्याचा तालुक्याला, तालुक्याचा आपल्याला, आणि प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सांडतं. निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा आपण सगळे पाच-पाच दिवस हॉलमध्ये बसलो होतो, मग २०२० मध्ये कोरोनात ते दीक्षा या सरकारी ॲपवर ऑनलाइन गेलं आणि व्हिडिओ बघून प्रमाणपत्र डाउनलोड करायचं सुरू झालं. नवीन शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. तास मोबाइलवरही भरतात, त्यात चांगले कोर्स आहेतच, पण आपल्या वर्गातल्या पोराला हे का जमत नाही हे विचारायला समोर माणूस लागतो, आणि तो माणूस केंद्राच्या परिषदेतच भेटतो. म्हणून ही महिन्यातली एक दुपार वाया गेली की मला खरंच वाईट वाटतं.

दोन दिवस आधी

विषय बऱ्याचदा वरून ठरूनच येतो, हरकत नाही. समजा विषय आलाय संख्याज्ञान आणि वजाबाकी. लगेच तीन-चार ओळखीच्या शिक्षकांना फोन करा आणि सांगा, "सर, दुसरी-तिसरीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी चुकलेली पानं पाठवा, बरोबर आलेली नकोत, आणि लाल पेनने तपासायच्या आधीची पाठवा." हे शेवटचं महत्त्वाचं आहे. तपासलेल्या वहीत फुली दिसते आणि आपण फुलीकडेच बघतो, मुलाने काय केलं ते बघत नाही.

फोटो आले की मुलाचं नाव, शाळेचं नाव, इयत्ता-तुकडी सगळं कापून टाका. एकदा माझ्याकडून एका फोटोत वहीवरचा शाळेचा शिक्का तसाच राहिला, स्क्रीनवर तो दिसला आणि मागून कोणीतरी शाळेचं नाव मोठ्याने वाचलं. त्या मॅडम समोरच बसल्या होत्या. दिवसभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि पुढे कितीतरी महिने मला त्यांच्याकडून एकही वही मिळाली नाही. चूक माझी होती, मी जाऊन माफी मागितली, पण विश्वास जायला एक मिनिट लागतं आणि परत यायला वर्ष जातं. तेव्हापासून मी फोटो वापरतच नाही, ते गणित स्वतःच्या हाताने कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेते.

केंद्रप्रमुखांशीही आधी बोलून ठेवा की साहेब, या चुकांवरून कोणाच्या शाळेवर शेरा जाणार नाही असं सुरुवातीला तुम्हीच दोन वाक्यांत सांगा. ते त्यांनी सांगितलं की खोली मोकळी होते. वही म्हणजे तपासणी असं आपल्या डोक्यात इतकं बसलंय की ही भीती घालवल्याशिवाय कोणी खरं बोलत नाही.

त्या तासात नेमकं काय करायचं

एक तास जवळून दाखवते, हा मी वेगवेगळ्या ठिकाणी घेतलाय आणि दर वेळी चालला.

फळ्यावर फक्त एवढं लिहा, ५२ − २७ = ३५. विचारा, "या मुलाने काय केलं असेल?" लगेच तीन-चार जण म्हणतात की मोठ्यातून लहान वजा केलं, ७ मधून २ गेले ५, आणि ५ मधून २ गेले ३. बरोबर. सगळे माना डोलावतात आणि आता पुढे काय म्हणून तुमच्याकडे बघतात. इथे घाई करू नका. विचारा, "अजून कुठल्या वाटेने ३५ येऊ शकतं?" आणि गप्प बसा. ही शांतता जड जाते, आपल्याला वाटतं आपणच उत्तर सांगून टाकावं, पण सांगू नका, पाणी प्या, फळा पुसा, काहीही करा पण बोलू नका. दोन मिनिटांनी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, हातचा घेतला असेल पण दशक कमी करायला विसरला असेल." म्हणजे १२ मधून ७ गेले ५, आणि दशकाचे ५ तसेच ठेवले, त्यातून २ गेले ३. उत्तर तेच, ३५.

हा क्षण बघण्यासारखा असतो. कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाने आत्तापर्यंत या दोन्ही मुलांच्या वहीत एकच शेरा लिहिलेला असतो, "वजाबाकी कच्ची, सराव घ्यावा", आणि दोघांना तीच २० गणितं दिलेली असतात. एकाला हातचा हा प्रकारच कळलेला नाही. दुसऱ्याला अर्धा कळलाय, फक्त एक पायरी सुटतेय. दोघांचं औषध वेगळं आहे.

मग चार-चार जणांचे गट करा आणि काम द्या, असं एक गणित शोधा की ज्यात ही दोन मुलं वेगवेगळी उत्तरं देतील. दहा मिनिटं द्या. शिक्षक स्वतः त्या मुलासारखं चुकीचं गणित करून बघायला लागतात, हसतात, भांडतात, कागद ओढून घेतात. थोड्या वेळाने कळतं की नुसता एक आकडा बदलला तरी पुरतं. ५३ − २७ घ्या. पहिलं मूल ७ मधून ३ काढून ३४ म्हणेल, दुसरं १३ मधून ७ काढून ३६ म्हणेल, आणि खरं उत्तर २६. आधीच्या गणितात एककांमधला फरक नेमका ५ होता म्हणून दोन्ही चुका एकमेकींत लपल्या होत्या. फरक ५ असेल तिथे तिथे त्या लपणार. हे एकदा हाताने सापडलं की शिक्षक आयुष्यात विसरत नाही, आणि चाचणी काढताना आकडे विचार करून निवडायला लागतो. हेच पीपीटीच्या एका स्लाइडवर लिहून दाखवलं असतं तर कोणी वाचलंही नसतं.

नंतर काड्या काढा. प्रत्येक गटाला दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि २७ काढून द्यायला सांगा, एका शिक्षकाने मूल व्हायचं. रबरबँड सोडून एक गठ्ठा मोकळा केला की समोर पाचपैकी चारच गठ्ठे राहिलेले डोळ्यांना दिसतात, दशक कमी करायला विसरणाऱ्या मुलाला हेच बघायची गरज आहे, आणि गठ्ठा त्याने स्वतः सोडला पाहिजे, बाईंनी सोडून दाखवला तर तो फक्त खेळ बघतो. पहिल्या मुलाला त्याच्याही मागे न्यावं लागेल, दोन सुट्यांतून सात देता येतात का एवढंच त्याला दोन-तीन दिवस करू द्या, कागद-पेन्सिल नंतर.

वेळ उरला तर ४७ आणि ७४ घ्या. आपण मराठीत सत्तेचाळीस म्हणतो, सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७ आधी लिहितं आणि ७४ होतं. ते मूल ढ नाहीये, ते ऐकलं तसं लिहितंय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात चाळीस सात अशा पद्धतीने संख्यावाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. त्या वादात न जाता फक्त एवढंच विचारा की तुमच्या वर्गात किती मुलं असं उलटं लिहितात आणि तुम्ही काय करता. प्रत्येकाकडे काहीतरी युक्ती असते, ती बाहेर येऊ द्या, फळ्यावर लिहून घ्या.

माणसं सांभाळणं

ज्यांची ३० वर्षं सर्व्हिस झालीय त्या गुरुजींना "आता आपण शिकूया" म्हणायचं नाही. त्यांना आधी भेटून सांगा, "गुरुजी, पहिलीला तुम्ही इतकी वर्षं शिकवलंय, तुमच्या वर्गातली काड्यांची पद्धत पाच मिनिटं दाखवाल का?" ते खुशीने दाखवतात आणि मग तास तुमचा एकटीचा राहत नाही. नवीन शिक्षणसेवक मुलं-मुली बोलायला बिचकतात, त्यांना सगळ्यांसमोर उभं न करता गटात लिहायचं काम द्या. एखादे सर मोबाइलमध्येच असतील तर टोकू नका, बऱ्याचदा ते कुठली तरी ऑनलाइन माहिती भरत असतात जी आजच्या आज मागितलेली असते, मला त्याचा राग येतो पण तो त्या सरांवर काढून काय उपयोग.

आणि कोणी म्हणालंच की "हे सगळं ठीक आहे मॅडम, पण माझ्याकडे चार वर्ग एकत्र आहेत, कधी करू?" तर ते ऐकून घ्या. हा प्रश्न खरा आहे. दुशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक मुलापाशी बसून "कसं केलंस ते सांग" विचारायला रोज वेळ मिळणार नाही. मी एवढंच सुचवते की रोज दोनच मुलं निवडा, परिपाठानंतर बाकीच्यांना वाचायला बसवून पाच मिनिटं. आठवड्यात दहा-बारा मुलं होतात, आणि छोट्या शाळेत तेवढ्यात एक इयत्ता संपते.

जमलं तर एखाद्या परिषदेला गावातल्या अंगणवाडी ताईंनाही बोलवा. नवीन धोरणात ३ ते ८ वयाचा पायाभूत स्तर एकच धरलाय, अंगणवाडी आणि पहिली-दुसरी मिळून, पण ताई आणि पहिलीच्या बाई एकाच आवारात असून कधी एकत्र बसलेल्या नसतात.

खोलीचं बाकी थोडक्यात. प्रोजेक्टरवर विसंबू नका, पावसाळ्यात लाईट जातेच. फळा, खडू, काड्या, जुन्या वर्तमानपत्रांचे कागद एवढ्यावर तास झाला पाहिजे. खुर्च्या ओळीत असतील तर आधी हलवा किंवा सरळ सतरंजीवर बसा. जेवणानंतरची वेळ तुमच्या वाट्याला आली असेल तर बोलणं अजिबात नको, थेट काड्या हातात द्या. स्वागत-सत्कार दहा मिनिटांत आटपा अशी विनंती आधीच करून ठेवा. दुशिक्षकी शाळेतून कोण येणार आणि मुलांपाशी कोण थांबणार हे आदल्या दिवशी विचारून घ्या, जो थांबतो त्याच्यासाठी काड्या-कागदांचा एक संच बाजूला काढून पाठवा.

परिषद झाल्यावर

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, सोमवारी मी माझ्या वर्गात काय करून बघणार. "वजाबाकीवर भर देणार" असं नको, "तिसरीतल्या दोन मुलांना ५३ − २७ देऊन कसं केलं ते विचारणार" असं पाहिजे. चिठ्ठ्या तुमच्याकडे ठेवा. दहा-बारा दिवसांनी केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधा मेसेज टाका, "५३ − २७ कोणी करून बघितलं? ३४ किती आणि ३६ किती?" फोटो मागू नका, अहवाल तर मुळीच मागू नका, नाहीतर लोक मुलं सोडून फोटो काढत बसतील. फक्त आकडे मागा. मागच्या वेळी एका सरांनी रात्री साडेनऊला लिहिलं होतं, "माझ्याकडे ३४ वाले चार, ३६ वाला एक, आणि एकीने २६ बरोबर काढलं पण बोटांवर उलटं मोजत." त्या एका ओळीवर ग्रुपवर तासभर बोलणं चाललं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

पुढच्या परिषदेची पहिली १५ मिनिटं या आकड्यांसाठी मागून घ्या, तेव्हा सुलभक दुसरं कोणी असलं तरी. चिठ्ठ्या परत वाटा, ज्यांना जमलं नाही त्यांनी का जमलं नाही ते सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही असं तुम्ही स्वतःपासून सुरू करून दाखवा, तुमच्या वर्गात काय फसलं ते पहिल्यांदा सांगा.

काड्यांची पिशवी पुढच्या सुलभकाला देऊन टाका आणि बरोबर एक कागद द्या, कुठल्या प्रश्नावर लोक बोलले, कुठे गप्प बसले, कुठे वेळ कमी पडला. रबरबँड मोजून घ्या, दर वेळी चार-पाच कमी भरतात.